वहिनीच्या चार दाढा

दातांच्या दवाखान्यात नऊ वर्षं काम केल्यावर वहिनीला लोक सिस्टर म्हणू लागले होते. नर्सिंगचं शिक्षण तिने घेतलं नव्हतं. हत्यारं उकळायची, डॉक्टरांच्या हातात द्यायची, पेशंटच्या गळ्याशी रुमाल अडकवायचा, एवढंच तिचं काम. पण डॉक्टरांना विचारायला लाजणारी माणसं बाहेर येऊन हळूच तिला विचारायची, आणि ते तिला मनापासून आवडायचं.

तिची धाकटी नणंद बेबी दोन गल्ल्या सोडून शिवणाचं दुकान चालवायची. चाळिशी उलटली तरी घरात ती बेबीच. एका किडलेल्या दातासाठी तिचा एक्स-रे काढला, तेव्हा खालची उजवी अक्कलदाढ हिरडीत आडवी पडलेली दिसली. डॉक्टर म्हणाले, दुखत नाही, सुजत नाही, मुळं नसेला अगदी चिकटून आहेत, तर उगाच हात लावायला नको. वर्षातून एकदा बघत राहू, त्रास झाला तर तेव्हा ठरवू.

बेबीला ते अर्धवट वाटलं. बाहेर येऊन तिने विचारलं, "वहिनी, तू काय केलं असतंस?"

डॉक्टर म्हणतात तसं कर, एवढं म्हणून भागलं असतं. पण बाकावर चारपाच जण बसले होते आणि सगळ्यांनी माना इकडे वळवल्या होत्या.

"माझ्या चारही काढल्यात," वहिनी म्हणाली. "कळलंसुद्धा नाही. आज ना उद्या काढावीच लागते."

तिच्या चारही दाढा तोंडात शाबूत होत्या. स्वतःच्या हिरडीत सुई जाण्याच्या नुसत्या विचारानेही ती घाबरायची.

बेबी दुसऱ्या डॉक्टरकडे गेली. त्यांनी धोका समजावून सांगितला, कागदावर सही घेतली आणि दाढ काढली. भूल उतरली, पण खालचा ओठ आणि हनुवटीची उजवी बाजू बधिरच राहिली. नस दुखावली होती. सहा महिन्यांत संवेदना परत येईल, कदाचित नाहीही येणार, असं त्यांनी सांगितलं.

चहा पिताना बेबीच्या ओठातून ओघळ यायचा आणि तिला पत्ता नसायचा. एकदा वहिनी दुकानात असताना बेबी सवयीने ओठांत टाचण्या धरून एका बाईच्या पांढऱ्या ब्लाउजचं माप बसवत होती. टाचणी ओठात रुतली. बाईच्या खांद्यावर रक्ताचा ठिपका पडला तेव्हा कुठे तिला समजलं. बाईची माफी मागून झाल्यावर बेबी वहिनीला म्हणाली, "तुझं बरं गं, तुला काही झालं नाही."

वहिनी काम आहे म्हणून तशीच निघाली. त्यानंतर ती त्या गल्लीने जायचंच टाळू लागली. कपडे शिवायला टाकायचे झाले तरी नवऱ्याला पाठवायची.

तिसऱ्या महिन्यात बेबी आपल्या जुन्या डॉक्टरांकडे आली. ती खुर्चीत रडवेली झाली. तिला नीट समजावं म्हणून डॉक्टरांनी भोळेपणाने पडद्यावर दुसरा एक एक्स-रे लावला. "हा तुमच्या वहिनींचाच. बघा, चारही आहेत. यातली एक तर तुमच्यासारखीच आडवी. आपण ती तशीच राहू दिली आहे."

वहिनी ट्रे धरून बाजूला उभी होती. बेबीने पडद्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. तिने गळ्याचा रुमाल स्वतःच सोडला आणि वहिनीच्या ट्रेमध्ये ठेवला. त्यापेक्षा चारचौघांत दोन शिव्या घातल्या असत्या तर वहिनीला हलकं वाटलं असतं.

जिन्यात तिने बेबीला गाठलं. "मला काढायची भीती वाटत होती," ती म्हणाली. "आणि तू विचारलंस तेव्हा लोक ऐकत होते. मिरवावंसं वाटलं."

बेबीने कठडा धरला. "सही करताना त्या डॉक्टरांनी मला दोनदा विचारलं होतं. मी म्हटलं, आमच्या वहिनीने चारही काढल्यात, ती दवाखान्यातच असते." कठडा सोडून ती म्हणाली, "दादाला सांगणार नाही मी. तूच सांग."

रात्रीची जेवणं झाल्यावर वहिनीने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो रागावला नाही. नुसता उठून दुसऱ्या खोलीत गेला, आणि तिला ताटं उचलायचंही सुचेना.

पुढे महिनाभराने ती स्वतःच दुकानात गेली. बेबी कापड बेतत होती. तिने बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. वहिनी दाराशी उभी राहिली.

"कालपासून हनुवटीला मुंग्या येतायत," कात्री न थांबवता बेबी म्हणाली.

मुंग्या येणं चांगलं लक्षण, हे वहिनीला माहीत होतं. आनंद ओठांवर आला होता, पण तो दाखवायचा आपल्याला काय हक्क, असं वाटून तिने मान खाली घातली.

"डॉक्टरांना सांग," ती म्हणाली.

"सांगितलंय," बेबी म्हणाली, आणि कापलेले तुकडे घेऊन मशीनवर जाऊन बसली.