मुंडक्याचा मान

लवू गावड्यानं टांगलेल्या डब्याखाली रानडुकरं मांडी घालून पंगतीला बसली, तेव्हा ऊन कलायला अजून तासभर होता. अकरा डुकरं, एका ओळीत, प्रत्येकापुढं पळसाचं पान. झाडावर बांधलेल्या माळ्यावर बंदूक घेऊन बसलेल्या लवूला नवल वाटलं नाही. तेलाच्या डब्याला तळाशी भोकं पाडून बारा दिवस तो त्यातनं मका सांडत होता. पाहुणे यायचेच. असला मका अख्ख्या खोऱ्यात कुणी घातलाय?

करवंदीच्या जाळीआड भिवाआबा चौघांना घेऊन बसला होता. ज्याचा बार, त्याला डुकराचं मुंडकं, ही गावाची रीत. बाकीच्यांना घरटी वाटा. तीन पिढ्या मुंडकं आबाच्याच घरी गेलेलं. आज ते लवूला पाहिजे होतं. खायला नव्हे, भर गल्लीतनं मिरवायला.

"लव्या, हाण की!" आबा दबक्या आवाजात म्हणाला.

"थांबा आबा. कडंच्याचं पान रिकामं हाय."

"मग? तुझ्या पोरीचं लगीन हाय व्हय रं?"

पण लवू गावातल्या प्रत्येक लग्नातला पहिला वाढपी. रिकामं पान दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे. त्यानं बंदूक फांदीला अडकवली आणि शिडी उतरायला लागला. सकाळी शिडीला सात पायऱ्या होत्या. चाळीस उतरला तरी जमीन येईना. मग जमीनच वर आली.

त्यानं ओंजळीनं मका वाढला. "घ्या, लाजू नका."

"पुरे, पुरे," म्हातारी डुकरीण पानावर खूर आडवा धरत म्हणाली.

"पुरे काय वैनी? माझ्या हातचं हाय!"

"वाढपी झकास हाय. कुणाच्यातला?"

"गावड्याच्यातला."

"तरीच."

लवूची छाती अशी फुगली की शर्टाची दोन बटणं तुटून मक्यात पडली. डुकरांनी ती निवडून बाजूला ठेवली. रान कौतुकानं चार पावलं जवळ सरकलं. मग आणखी चार. माळा दिसेना, शिडी दिसेना. पंगतीपुरती जागा उरली.

"लव्या, माघारी ये!" आबाचा आवाज लांबनं आला.

"आबा, बघताय न्हवं?"

म्हातारीनं विचारलं, "तुमच्यात मुंडकं कुणाला?"

"ज्याचा बार, त्याला."

"आमच्यात ज्यानं वाढलं, त्याला."

तिनं लवूला ओळीच्या तोंडाशी बसवलं. अकराच्या अकरा डुकरं उठून उभी राहिली. असा मान आबाच्या आज्यालासुद्धा कुणी दिला नव्हता. लवू ताठ बसला. म्हातारीनं त्याच्या पानावर, दोन्ही खुरांनी, मुंडकं ठेवलं. कपाळाला कुंकू लावलेलं.

"आबा!" पानावरचं मुंडकं आनंदानं ओरडलं. "मिळालं की वो!"

लवूनं ते उचललं आणि डोक्यावर घ्यायला हात वर नेले. हात वरच राहिले. ठेवायला डोकंच सापडेना.