पाच भागांची लाकडी वस्तू

पाच चर्चनी वर्षातून एकदा तरी एकत्र उपासना करावी, एवढं ठरायला सात वर्षं लागली. त्यातली दोन वर्षं कुठे करावी यातच गेली. शेवटी पाचांपैकी कुणाचंच नसलेलं शाळेचं सभागृह सगळ्यांना पटलं आणि ऐक्य समितीचं घोडं मेजापाशी येऊन अडलं.

भाकर आणि पेला ठेवायला काहीतरी हवंच होतं. एका चर्चला ती वेदी हवी होती. दुसऱ्याला वेदी हा शब्दच सोसत नव्हता. तिसऱ्याला साधं टेबल चाललं असतं, पण त्यावर क्रूस नको, आणि क्रूस नसेल तर ते नुसतं फर्निचर, असं चौथ्याचं म्हणणं. पाचव्याला कुणी विचारलंच नाही म्हणून ते रुसून बसलं. समितीचे चिटणीस पोस्टातून निवृत्त झालेले, कागदाला जपणारे गृहस्थ होते. त्यांनी इतिवृत्तात सरळ 'ती लाकडी वस्तू' असं लिहून टाकलं. सात वर्षांत कुणीच हरकत घेतली नाही असे शब्द तेवढेच.

वस्तू पंधरा फुटांची, तीन-तीन फुटांच्या पाच भागांची करायची होती. भाग बोल्टने जोडायचे, ज्याने त्याने आपल्या भागावर आपला पेला ठेवायचा, आणि उपासना संपली की बोल्ट काढून ज्याने त्याने आपला भाग आपल्या घरी न्यायचा. वाटणीचं असं पक्कं झाल्यावरच एकीला मंजुरी मिळाली.

काम आलं थोरल्या सुताराकडे. पाचही धर्मगुरू एकेकटे येऊन त्याचं काम बघून गेले, आणि आपला प्रभूही सुतारच होता हो, असा विनोद प्रत्येकाने आपलाच समजून केला. थोरला पाचही वेळा हसला. पण पाचव्या चर्चने आता मात्र रीतसर हरकत नोंदवली: सगळी वस्तू त्या हातची नको, निम्मं काम आमच्या माणसाने करावं. त्यांचा माणूस म्हणजे धाकटा सुतार, थोरल्याचा सख्खा भाऊ. अकरा वर्षं दोघांत बोलणं नव्हतं.

त्याचं असं झालं होतं. अकरा वर्षांपूर्वी थोरल्याचं आणि धाकट्याचं, ही दोन चर्चं एकच होती आणि सगळी मंडळी प्रभुभोजनाला एकाच पेल्यातून पीत. तापाची साथ आली तेव्हा काहींना छोटे वेगवेगळे पेले बरे वाटू लागले. धाकट्याने कुणाच्या तरी सांगण्यावरून त्या पेल्यांसाठी एक तबक केलं, चाळीस भोकांचं, कडेला बारीक वेल कोरलेलं. महिनाभर खपून केलेलं ते तबक त्याने सभेत आणून ठेवलं, आणि थोरला उभा राहून म्हणाला, "हे काय, अंडी विकायला काढलीस का?" अर्धी सभा खो खो हसली. उरलेली अर्धी उठून गेली. शास्त्राचे दाखले दोन्ही बाजूंनी नंतर हुडकले, आणि ते मिळालेही भरपूर, पण पाचवं चर्च जन्माला आलं ते त्या हसण्यातून. हे सगळ्यांना ठाऊक होतं, थोरल्याला सगळ्यात जास्त. आपण भावाचा भर सभेत पाणउतारा केला, आणि तोही तबक आपल्याहून सुबक झालं म्हणून, हे त्याने मनाशी कधीच कबूल केलं होतं. भावाशी बोलायचं तेवढं राहिलं होतं.

त्याच्या बायकोने काम आल्याचं ऐकलं आणि म्हणाली, "तीन आठवडे आहेत. तेवढ्यात तोंडातून एक वाक्य निघेल ना?"

"बघू," थोरला म्हणाला.

"अकरा वर्षं बघताच आहात. साठी आली. आता नाही बोललात तर मग कुणीतरी एक शवपेटीत असताना बोलाल."

तीन आठवडे दोघे भाऊ एका छपराखाली खपले. बोलणं झालं, नाही असं नाही. "धर." "सोड." "एक सूत कमी कर." हात मात्र अकरा वर्षं मध्ये गेलीच नसावीत असे चालत होते. एकाने रंधा खाली ठेवावा आणि दुसऱ्याने न बघता उचलावा. थोरला रोज सकाळी वाक्य जुळवून यायचा आणि रोज संध्याकाळी ते गिळून घरी जायचा. जेवताना बायको नुसती त्याच्या तोंडाकडे बघायची, आणि तो ताटाकडे.

शनिवारी सगळे भाग सभागृहात नेऊन जोडायचे होते. थोरल्याने डावीकडून दोन सांधे घेतले, धाकट्याने उजवीकडून दोन. "सरस लावून चिकटवू नका हं," चिटणिसांनी दोनदा बजावलं. "फक्त बोल्ट. उद्या सुटायला हवं." दोघांनी माना डोलावल्या, एकमेकांकडे पाठ करून कामाला लागले आणि चार वाजता निघून गेले.

रविवारची उपासना मोठी झोकात झाली. पाच पेले आपापल्या तीन फुटांत उभे राहिले, एकही रेघ ओलांडून गेला नाही. एकीवर पाऊण तास प्रवचन झालं. पुढच्या बाकांवर लोक डोळे पुसत होते. थोरला मागे बसून भावाच्या मानेकडे बघत होता आणि आज शेवटचा दिवस, एवढंच त्याच्या डोक्यात चाललं होतं.

मग मागच्या दाराशी पाच गाड्या येऊन लागल्या. चिटणिसांनी उजवीकडचे बोल्ट काढले. चौघांनी मिळून भाग ओढला. अख्खं मेज चौघांबरोबर फूटभर सरकलं, सांधा काही सुटला नाही.

चिटणिसांनी चष्मा कपाळावर चढवला आणि सांध्यात नख घालून पाहिलं. "सरस," ते म्हणाले.

चार चर्चची माणसं पाचव्याच्या पाळकांकडे बघू लागली. अख्खंच घरी न्यायचा बेत होता वाटतं, असं कुणीतरी पुटपुटलं. पाळक लाल झाले आणि धाकट्याकडे वळले. धाकटा जमिनीकडे बघत होता. थोरल्याला ती मान ओळखीची होती. त्या सभेत तबक उचलून बाहेर जाताना ती अशीच खाली होती.

"सरस मी लावला," थोरला म्हणाला.

धाकट्याने वर पाहिलं. "या बाजूचे सांधे माझे. मी लावला."

"त्याला नका धरू. मी लावला म्हणतोय ना."

"तू कशाला लावशील? तू तिकडे होतास."

"मग तिकडचे सोडवून बघा," थोरला म्हणाला, आणि म्हणताना काल आपला हात सरसाच्या भांड्याकडे गेला होता हे त्याला पहिल्यांदाच नीट आठवलं.

तिकडचेही बोल्ट निघाले. तिकडचेही सांधे सुटले नाहीत.

समिती तिथेच उभ्या उभ्या भरली. मेज असंच, अखंड, सभागृहात राहू द्यावं, अशी सूचना कुणा भल्या बाईने केली. मग किल्ली कोणाकडे राहणार, हा प्रश्न निघाला आणि सूचना बारगळली. करवतीने कापून पाच भाग करावेत, हा ठराव मात्र एकमताने पास झाला. समितीच्या इतिहासातला तो पहिला एकमताचा ठराव. चिटणिसांनी त्याखाली दोनदा रेघ ओढली.

"आता दोषी कोण ते लिहायचंय," ते म्हणाले. "एकच नाव लागेल. रकाना एवढाच आहे."

भावांनी एकमेकांकडे पाहिलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच, आणि जरा लाजून.

"बाबांचं लिहा," धाकटा म्हणाला. "त्यांनी शिकवलं. कोरडा सांधा ठेवला की पाठीत धपाटा बसायचा. हात आपोआप जातो."

"बाबांचं," थोरल्याने मान डोलावली.

चिटणिसांनी नाव लिहिलं. "आणि ते कुठल्या चर्चचे?"

"तेव्हा एकच होतं," धाकटा म्हणाला.

चिटणिसांनी लेखणी उचलली, थोडा वेळ तशीच धरली, आणि तो रकाना कोरा सोडला.

दोन माणसांनी ओढायची लांब करवत आली. पाचव्या चर्चच्या पाळकांनी धाकट्याला खांद्याला धरून बाजूला घेतलं. "तू नको. कापू दे त्यांनाच. आपला भाग आला की आपण निघू."

"ही एकट्याने चालत नाही, पाळकसाहेब," धाकटा म्हणाला, आणि जाऊन पलीकडची मूठ धरली.

पहिल्या सांध्यावर करवत टेकली. थोरल्याने ओढली, धाकट्याने ओढली. भुसा पडू लागला. तिसऱ्या की चौथ्या फेऱ्याला थोरला, मान वर न करता, म्हणाला, "तबक चांगलं झालं होतं. माझ्याच्याने तसं झालं नसतं. म्हणून बोललो मी तसं."

करवत थांबली. धाकट्याने मूठ सोडली नाही, पण ओढलीही नाही. थोरला वाट बघत राहिला.

"हे सांगायला एवढी वर्षं?" धाकटा म्हणाला.

"हं."

"दादा, तू पण ना." त्याने बाहीला नाक पुसलं आणि दाराकडे पाहिलं. गाडीवाले घड्याळं बघत होते, पाळक येरझाऱ्या घालत होते. मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "हळू ओढ. आई माझ्याकडे असतानाच्या तिच्या आजारपणाचं सगळं सांगायचंय तुला. लांबलचक आहे."

चार काप म्हणजे तासाभराचं काम. दोघांनी ते दिवे लागेपर्यंत पुरवलं.