आपटेकरांचा वजनकाटा

“चपला काढ, सरळ उभी राहा आणि खाली वाकून बघू नकोस. किती भरलं ते मी सांगतो.”

मनासे आपटेकरांचे हे शब्द मला अजून ऐकू येतात. दुकानातून मला काखेत धरून घरी आणल्यावर त्यांनी आपल्या नव्या नवरीला, हेप्झिबाबाईंना, पहिल्यांदा माझ्यावर उभे केले होते. सांगितलेले न ऐकता त्या खाली वाकून बघायच्या आणि वाकल्या की माझा काटा थरथरायचा. दोघेही हसत होते. त्या दिवशी मी नवाकोरा होतो. आज, मित्रांनो, मी पनवेलमधल्या त्याच घरातला जुना वजनकाटा आहे.

आकडे लुकलुकवणारे, काचेचे, माझे धाकटे भाऊ तुम्ही पाहिले असतील. मी तसला नाही. कळंबोलीच्या लोखंड बाजारात पत्र्याच्या थप्प्या लागलेल्या असतात ना, तसल्याच एका पत्र्याची माझी पाठ आहे. तळोज्याच्या एका लहानशा कारखान्यात मला आकार मिळाला, निळा रंग मिळाला, पोटात एक स्प्रिंग आणि वर एक गोल तबकडी मिळाली. एवढीच माझी विद्या. माणूस उभा राहिला की स्प्रिंग दबते आणि लाल काटा फिरतो.

पण त्या विद्येवर मी पुष्कळ मान मिळवला. हेप्झिबाबाईंची लेक ओर्ली झाली तेव्हा ती काही माझ्यावर उभी राहू शकत नव्हती. मग बाई तिला कडेवर घेऊन उभ्या राहायच्या, नंतर एकट्या उभ्या राहायच्या आणि मनासेभाऊ वजाबाकी करायचे. ओर्ली वाढत होती ती अशी वजाबाकीतून.

पुढे माझ्याकडे दुसरेच काम आले. आपटेकर हे बेने इस्राएल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेले आणि मराठी बोलणारे यहुदी लोक. त्यांच्यातली कितीतरी घरे इस्राएलला राहायला गेली. विमानात सामान तोलून घेतात, म्हणून जो तो जाताना मला मागून न्यायचा. “आपटेकरांचा काटा आणा रे,” असा निरोप यायचा आणि मी कोणाच्या तरी स्कूटरवर बसून निघायचो. माझ्यावर बॅगा चढल्या. काटा पुढे गेला की बॅग उघडायची. लोणच्याची बरणी निघायची, पितळी डबा निघायचा, कोणाच्या आजीची साडी निघायची आणि घडी न मोडता परत आत जायची. शेवटी ओर्लीचीही बॅग माझ्यावर चढली. तिला अश्दोद नावाच्या समुद्राकाठच्या गावात, एका दवाखान्यात, नर्सची नोकरी लागली होती. हेप्झिबाबाईंनी त्या बॅगेतून कोकमाची पिशवी दोनदा काढली आणि दोनदा परत भरली. काटा काय म्हणतो हे त्या वेळी त्यांनी पाहिलेच नाही.

ओर्ली गेल्यावर माझ्याकडे कोणी फिरकेना. दाराआड माझ्या पाठीवर वर्तमानपत्रांची रद्दी साचली. हेप्झिबाबाई पोस्टात नोकरीला होत्या. दिवसभर बसून काम, घरी आल्यावर दोघांपुरता स्वयंपाक, मग प्रार्थना आणि झोप. अंगाने त्या हळूहळू भरत गेल्या. डॉक्टरांनी साखर वाढल्याचे सांगितले तेव्हा मनासेभाऊंनी रद्दी उचलून मला पुसले. बाई उभ्या राहिल्या, खाली पाहिले आणि लगेच उतरल्या.

त्याच आठवड्यात ओर्लीचा फोन आला.

“आई, मी इकडे धावायला लागलेय. हिवाळ्यात पनवेलला येतेय. तिथे खारघरला हाफ मॅरेथॉन असते म्हणे. तू आणि मी मिळून पळू या.”

“मी? अगं, मला जिना चढवत नाही.”

“सहा महिने आहेत. हळूहळू पळू, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत बरोबर. वचन दे.”

मुलीला इतक्या वर्षांनी भेटायचे होते. बाईंनी वचन दिले.

वरच्या मजल्यावर किशोरी नावाची मुलगी भाड्याने राहत असे. ती उरणच्या कोळ्यांची. आई मासळी विकायची आणि किशोरी बंदरातल्या एका कचेरीत कामाला होती. तिने असल्या शर्यती धावून पाहिल्या होत्या. तिने बाईंना वडाळे तळ्यावर न्यायला सुरुवात केली. आधी नुसते चालणे. मग एका दिव्याच्या खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत धावणे आणि पुढच्या खांबापर्यंत धापा टाकणे.

मित्रांनो, मी माणसे ओळखतो ती तळपायांवरून. त्या दिवसांत हेप्झिबाबाईंचे तळपाय कसे बदलत गेले, ते माझ्याइतके कोणी पाहिले नसेल. मऊ टाचा टणक झाल्या. अंगठ्याखाली फोड आला, फुटला, तिथे घट्टा पडला. एका बोटाचे नख काळेनिळे झाले. पूर्वी त्या माझ्यावर दमून उभ्या राहायच्या, जणू बसायला जागा शोधताहेत. आता त्यांचे पाय माझ्या पाठीवर झाडासारखे उभे राहायला लागले. मला फार कौतुक वाटे. पण माझा लाल काटा मात्र होता तिथेच घुटमळत राहिला.

आता माझ्या विद्येची मर्यादा ऐका. अंगावरची चरबी, पायाचे स्नायू, रात्री प्यालेले पाणी यांतला फरक मला कळत नाही. मी सगळ्याची मिळून एकच बेरीज सांगतो. बाईंना वाटले, एवढे धावूनही आपण तशाच. आणि लेक येणार. सहा वर्षांपूर्वी निघताना तिने जी आई पाहिली होती, ती आई आपण तिला दाखवू शकणार नाही. फोनवर बोलताना त्या चेहराच तेवढा दाखवायच्या, तोही जवळून.

मग एका सकाळी त्या माझ्यासमोर डोक्यावरून पदर घेऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी नवस केला. बेने इस्राएल लोकांची एलियाहू हन्नाबी या प्रेषितावर फार श्रद्धा. अडीअडचणीला त्याला नवस बोलतात आणि काम झाले की भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे घालून मलिदा करतात. बाई म्हणाल्या, “ओर्ली येईपर्यंत रोज सूर्य मावळेस्तोवर मी अन्नाला शिवणार नाही. फक्त शब्बाथ वगळून.”

शब्बाथ म्हणजे शनिवार, त्यांच्या विसाव्याचा दिवस. त्या दिवशी उपवास करत नाहीत आणि हेप्झिबाबाई त्या दिवशी माझ्यावरही कधी चढत नसत.

काटा उतरू लागला. बाई रोज सकाळी येत, आकडा बघत आणि हात जोडत. मनासेभाऊ स्वतः देवभोळे. बायको डब्यातली भाकरी परत आणते हे त्यांना दिसत होते, पण नवसाचा उपवास म्हटल्यावर ते काय बोलणार? मी मात्र काळजीत पडलो, कारण ते झाडासारखे पाय माझ्या पाठीवर पुन्हा डुलायला लागले होते.

एका बुधवारी किशोरीने त्यांना दंडाला धरून घरी आणले. तळ्याच्या कडेला त्यांना घेरी आली होती. मनासेभाऊंनी साखर घातलेले लिंबूपाणी पुढे केले. बाईंनी खिडकीतून सूर्याकडे पाहिले आणि पेला बाजूला सारला.

किशोरी खाली जमिनीवर बसली.

“मावशी, एक विचारू? रविवारी तुमी घोडीसारख्या पळता. आपण पार ओवे गावापर्यंत जाऊन आलो, तुमी थांबला नाय. आणि बुधवारी दोन फेऱ्यांत तुमचे पाय वळतात. असं का हाय?”

“वय झालं.”

“वय काय रविवारी सुट्टीवर जातंय?” किशोरी म्हणाली. “शनिवारी तुमी काय खाता ते सांगा.”

मनासेभाऊ मान खाली घालून म्हणाले, “शनिवारी ती जेवते. दोन्ही वेळा.”

किशोरीने मनासेभाऊंकडे पाहिले आणि मग सरळ माझ्याकडे पाहिले.

“आमच्या घरी होडी समुद्रात लोटायच्या आधी डिझेल भरतात,” ती म्हणाली. “होडी हलकी हाय म्हणून कोणी बिनडिझेलाची नेत नाय.”

“नवस आहे गं,” बाई पुटपुटल्या. “मोडता येत नाही.”

दुसऱ्या दिवशी मनासेभाऊ दाजीकाकांना घेऊन आले. दाजीकाका म्हणजे प्रार्थना चालवणारे हज्जान, फार वृद्ध. त्यांच्याबरोबर मंडळीतले आणखी दोन जाणते गृहस्थ होते. त्यांच्यात अशी रीत आहे की न झेपणारा नवस एखाद्याने केला असेल, तर तीन जाणत्या माणसांनी बसून त्याला विचारावे आणि त्यातून सोडवावे. एवढी घरे परदेशी गेल्यावर तीन माणसे जमवणेही सोपे नव्हते. एक जण तर आपट्याहून रिक्षाने आला होता.

“काय मागितलंस, पोरी?” दाजीकाकांनी विचारले.

“बळ मागितलं, काका. ओर्लीबरोबर शेवटपर्यंत पळायचं.”

“मग उपवास कशाला? बळ मागायचं आणि भाकरी नाकारायची?”

बाई बोलल्या तेव्हा आवाज अगदी बारीक होता. “नुसतं कमी खाल्लं असतं तर हे रागावले असते. नवस म्हटल्यावर कोणी अडवत नाही.”

मनासेभाऊंनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

“म्हणजे देवाला पुढे उभा केलास आणि त्याच्या पाठीमागे लपलीस,” दाजीकाका म्हणाले. पण हे ते हसून म्हणाले. “तो रागावत नाही. त्याच्यामागे पुष्कळ जण लपतात. मला सांग, घेरी येणार हे ठाऊक असतं तर हा नवस बोलली असतीस?”

“नसते.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिले. मग दाजीकाकांनी पुस्तक उघडून वाचले आणि शेवटी तिघे मिळून तीनदा म्हणाले, “तू मोकळी आहेस, तू मोकळी आहेस, तू मोकळी आहेस.” बाईंच्या डोळ्यांतून पाणी आले. मनासेभाऊ स्वयंपाकघरात गेले आणि एक ताट वाढून घेऊन आले. दुपार होती. बाई जेवल्या.

त्या संध्याकाळी मनासेभाऊंनी मला उचलले. हेप्झिबाबाईंनी मला ओल्या फडक्याने स्वच्छ पुसले, माझ्या पाठीवरच्या रबराच्या खाचांतली माती काडीने काढली आणि एका धुतलेल्या पंच्यात गुंडाळून खाटेखाली ठेवले. “आता शर्यत होईपर्यंत नको,” एवढेच त्या म्हणाल्या.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू बहुधा रडगाणे गातात, की आम्हाला अडगळीत टाकले. मला तसे वाटले नाही. इतक्या प्रेमाने पुसून ठेवल्यावर ती अडगळ कसली? खाटेखालून मला भाकरी थापल्याचा आवाज येई, पहाटे अंडी उकडल्याचा वास येई, नारळाच्या रसातल्या मासळीचा येई. पंच्याच्या फटीतून बाईंचे पाय मला दिसत. रोज बूट चढत, रोज उतरत. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लागले की ते पाय शांत होत आणि शनिवारभर अनवाणी, सावकाश चालत. विसावासुद्धा त्या नेमाने घेत. किती किलो भरत होत्या ते मला सांगता येणार नाही. पण त्यांच्या पावलांचा आवाज भरीव झाला होता.

शर्यत रविवारी होती आणि ओर्ली गुरुवारी यायची होती. मलिद्याचे पोहेही आणून ठेवले होते. बुधवारी तिकडची विमाने अचानक बंद झाली आणि ओर्ली तिकडेच अडकली.

शनिवारी तारे दिसल्यावर, शब्बाथ संपल्यावर, ओर्लीचा फोन आला. ती रडत होती.

“आई, मीच नाही तर तू कशाला पळतेस? राहू दे. पुढच्या वर्षी पळू.”

“तुझ्याकडे समुद्राकाठी रस्ता आहे ना?”

“आहे.”

“मग तुझ्याकडे उजाडलं की तू तिथे पळ. मी इथे पळते. आपण शेवटपर्यंत म्हटलं होतं.” मग थोड्या वेळाने बाईंनी फोन लांब धरला, हात पुरेल तितका. “बघ. मी अशी आहे आता.”

ओर्ली म्हणाली, “आई, तुझे पाय बघ ना. माझ्यापेक्षा मजबूत आहेत.”

मुलांनो, मी शेवटी लोखंडच. पण तुमच्याही घरात माझा एखादा भाऊ असेल. त्याला कोरडा ठेवा, आपटू नका, वरचेवर पुसा. आणि त्याच्यावर उभे राहाल तेव्हा लक्षात ठेवा, की त्याला फक्त बेरीज येते. त्याला विचारा जरूर, पण त्याचा देव करू नका. तुमच्या आईने ताट बाजूला सारलेले दिसले, तर त्याच्याकडे बघत बसू नका. आईजवळ जाऊन बसा.

रविवारी पहाटे घरात एकच दिवा लागला. खाटेखालून मला हेप्झिबाबाईंचे पाय दिसले. त्यांनी बसून दोन केळी आणि मध लावलेली भाकरी सावकाश खाल्ली, पाणी प्याल्या आणि बुटांच्या नाड्यांना दुहेरी गाठ मारली. मनासेभाऊ सदरा चढवून पुढे गेले होते आणि खाली किशोरीने स्कूटर सुरू केली होती. दाराच्या चौकटीवर प्रार्थनेची छोटी नळी, मेझुझा, लावलेली आहे. बाई तिथे क्षणभर थांबल्या, मेझुझाला बोटे लावून ती ओठांना टेकवली आणि आवाज न करता दार ओढून घेतले.