रेघ बुजलेला माणूस

केरबा जोंधळे दर बारा वर्षांनी मधोमध दुभंगून दोन व्हायचा. त्याचं कुणाला नवल नव्हतं, कारण गल्लीत सगळेच व्हायचे. प्रत्येकाला कपाळापासून बेंबीपर्यंत एक बारीक रेघ होती. ती लाल झाली की माणूस पाटावर बसायचा, आणि उठताना दोन उठायचे. त्यांतला आधीचा कोण, हे विचारायची पद्धत नव्हती. भाग निःशेष जायचा, मागं काही उरायचं नाही. त्यामुळे गल्लीला स्मशान नव्हतं, आणि पाळणाही नव्हता.

पाटाभोवती कापड धरायचं काम मंजुळेचं. चाळीसेक माणसं तिनं दोन होताना पाहिली होती, त्यामुळे पारख पक्की. चिकट माणूस दोन झाला की दोघंही एकाच धोतराची टोकं धरून बसतात. भांडखोर रंगोबा दोन झाला तेव्हा पहिलं भांडण त्यानं स्वतःशीच केलं, आणि दोघंही हरले. नियम एकच: कापड धरणारीनं आत हात घालायचा नाही.

केरबाची रेघ लाल झाली तेव्हा मंजुळा कापड घेऊन गेली. छातीपर्यंत दुभंगल्यावर तो मधेच थांबला.

"मंजुळे, यातला मी कुठला गं होणार?"

अशा वेळी 'दोन्ही तूच' एवढंच म्हणायचं असतं. मंजुळेनं कापडाखालून हात घातला आणि त्याचा हात धरला. पुढं तिनं सगळ्यांना सांगितलं, की दया आली. पण सहा महिने ती केरबाच्या दारावरून पाण्याला जात होती, आणि विहीर गल्लीच्या दुसऱ्या टोकाला होती.

केरबा परत मिटला. त्याच्या मांडीवर हातभर लांबीचं, ओलं, तांबडं काहीतरी पडलं होतं आणि ओरडत होतं.

"हे कुणाचं अर्धं?" सोनाक्कानं विचारलं. गल्लीत तिचा शब्द चालायचा.

"कान माझे," मंजुळा म्हणाली. "हनुवटी केरबाची."

"आणि नाक?"

नाक कुणाचंच नव्हतं.

गल्लीत माणसं दीडशे, पण चेहरे अकराच. हा बारावा. लोक बघून गेले, आणि काहीतरी विसरल्याचं निमित्त करून पुन्हा बघायला आले. दोन्ही रंगोबांचं पहिल्यांदाच एकमत झालं, की तोंड बघण्यासारखं आहे. तिला सगळे नवी म्हणू लागले.

आठवड्यानं मंजुळेला केरबाच्या कानामागं पांढरा केस दिसला. पीठ लागलं असेल म्हणून तिनं फुंकर मारली. मग सोनाक्कानं त्याचा सदरा उघडून बघितला. रेघ बुजली होती. मंजुळेनं आपल्या कपाळावरून बोट फिरवलं. गुळगुळीत.

"रेघ नाही, तर हा दोन कसा होणार?"

"नाही होणार."

"मग काय होणार?"

"एकच राहील," सोनाक्का म्हणाली. "आणि मग तोही राहणार नाही."

दर शनिवारी दोघांना धान्याच्या काट्यावर तोलायचं ठरलं. केरबा जेवढा उतरायचा, तेवढीच नवी भरायची. गुंजेचाही फरक पडत नसे. त्याच्या खोलीच्या भिंती बोटभर आत येत, आणि नवीची झोळी बोटभर लांबे. मंजुळेवर मात्र अजून काही दिसत नव्हतं, आणि तेच तिला टोचायचं. हात घातला तिनं, आणि पिकला तो.

सोनाक्कानं तोड काढली. "तिघांनी पाटावर बसायचं. नवीला मधे दाबून धरायचं, परत मिसळेपर्यंत. रेघा येतील."

"आणि नवी?"

"नव्हतीच की ती."

ठरलेल्या दिवशी खोली एवढीशी उरली होती, की पाट आडवा मावेना. केरबा भिंतीला टेकून बसला होता. मंजुळा कापड घेऊन उंबऱ्यातच थांबली.

"हसते कुणासारखी गं ती?" त्यानं विचारलं.

"कुणासारखीच नाही."

"आणि रुसते?"

"तेही आपलं आपणच."

"मग घडी घाल त्या कापडाची," केरबा म्हणाला. "मी आता एकटाच आहे. कुठला, म्हणून घोटाळा नाही."

मंजुळेनं त्याला विनवायला हवं होतं. निदान 'असं कसं' एवढं तरी म्हणायला हवं होतं. पण ती तोंड उघडेपर्यंत तिच्या हातांनी घडी घातलीसुद्धा होती. चारपदरी, कोपऱ्याला कोपरा लावून.

बुधवारी केरबा उरला. म्हणजे तो नव्हता, आणि तरी तिथं होता. गल्लीत आजवर काही उरलंच नव्हतं, त्यामुळे उरलेल्याचं काय करतात ते कुणाला ठाऊक नव्हतं. दोन झाल्यावरची रीत म्हणून कुणीतरी दोन ताटं वाढली. मग त्याला मंजुळेच्या ओसरीवर निजवून सगळे निघून गेले. मंजुळा नवीला घेऊन दाराला कडी घालून बसली. उद्या येतील, म्हणतील, हे तू केलंस. काय बोलायचं ते तिनं मनाशी जुळवून ठेवलं: हो, मी केलं. आणि ती दया नव्हती.

सकाळी दार वाजलं. केरबाला ओलांडून सोनाक्का उंबऱ्याशी उभी होती, एका रंगोबाचा हात धरून. तिच्या मागं, पार कोपऱ्यापर्यंत, जोड्याजोड्यांनी सगळी गल्ली.

"आम्हालाही नवं तोंड पाहिजे," सोनाक्का म्हणाली. "कापड काढ."

"आक्का, खाली बघा. पायाशी कोण आहे ते बघा."

"बघितलं."

"मग आधी हात सोडा."

सोनाक्कानं हात ओढला. रंगोबानंही आपल्या बाजूनं ओढून बघितला. मागच्या जोड्याही आपापले हात ओढू लागल्या.

"सुटत नाहीत," सोनाक्का म्हणाली.