आठव्या नंबरचं पाणी

“हे कुनाला पटायचं न्हाई, वहिनी,” निळ्या दोरीखालून वाकून अंगणात शिरत कचरू म्हणाला, “पर जपानचा मासा गळाला लागायच्या आदी कमरेत वाकून नमस्कार करतो. आता बोला!”

धुणं वाळत घालायच्या आधी पारूबाई ओल्या फडक्यानं दोरी पुसत होती. परळीत थर्मल वीजकेंद्राची राख उडताना दिसत नाही, उतरते मात्र रोज. न पुसता पांढरं लुगडं टाकलं तर मधोमध करडा पट्टा उठतो. खुंट्यांवरून तीन पदरी ताणलेली दोरी तिनं या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसली, फडकं पिळलं, लुगडं वाळत टाकलं आणि मग विचारलं,

“आन् हे? काय बोलले का?”

“न्हाई. पाठमोराच बसला हुता.”

हे म्हणजे सटवा, तिचा नवरा. त्याला जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यानं आणि कचरूनं तीस वर्षं थर्मलवर जोडीनं कोळसा हलवला, आणि काम सुटल्यावर जोडीनंच तलावात गळ टाकले. मोबाइलवर परदेशातली मासेमारी बघून बघून सटवानं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर यादी केली होती, कुठं कुठं गळ टाकायचा त्याची. नॉर्वेपासून सुरू, एकूण आठ नंबर. पासपोर्टसाठी फोटोही काढून ठेवला होता. आता तोच फोटो मोठा करून, हार घालून बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी लावलेला होता. पांढऱ्या पडद्यापुढं, दोन्ही कान दिसतील असा ताठ बसलेला सटवा, कुणी विमानाची वेळ सांगेल म्हणून वाट बघणारा.

गेल्या सात रविवारी कचरू येऊन एकेक नंबर सांगत होता. सटवा तलावाच्या काठावर येतो, आपल्याला थर्माकोलच्या तराफ्यावर बसवतो आणि घेऊन जातो, असं त्याचं म्हणणं. ब्राझीलच्या दातवाल्या माशानं गळ खाल्ला, दोरा खाल्ला, वर त्याच्या चपलेचा अंगठा खाल्ला. चप्पल त्यानं गल्लीभर दाखवली. आफ्रिकेतलं तळं एवढं मोठं, की मधल्या माशाला काठावर यायला दोन दिवस लागतात आणि दमलेला मासा आपणहून पिशवीत शिरतो. लोक हसले. पारूबाई एवढंच विचारायची, ते काय बोलले. दर वेळी उत्तर तेच. पाठमोरा. शर्टातून पाणी गळतंय. मान वळवत नाही.

पहिल्या रविवारी हे सांगताना कचरू चांगला रंगात आला होता. हल्ली तेवढ्यापुरता त्याचा आवाज खाली जायचा आणि तो एकदा मागं बघून घ्यायचा.

पारूबाईनं कचरूपुढं चहा ठेवला, कॅलेंडर आणलं आणि पेन्सिलीनं सातव्या नंबरवर रेघ ओढली.

“आठवा ऱ्हायला.”

आठव्या ओळीत सटवाच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘परत आपला तलाव’.

“फुडच्या आयतवारी,” म्हणत कचरू उठायला लागला.

“आज सांगा, भाऊजी. बुधवारी वर्ष हुतंय. पुण्यानुमोदनाला दीपमाला येनार सासरवरून. बाप कसा गेला म्हनून पोरगी मलाच इचारनार. पोलीस म्हनले, बुडाला. तेवढं मलाबी दिसलं हुतं.”

कचरू परत बसला. चहाच्या सायीवर बारीक राख पडली होती. ती त्यानं बोटानं कडेला घेतली, कप मात्र उचलला नाही.

“हेबी पटायचं न्हाई.”

“तुमी सांगा तर.”

“दुपारचे बारा. सटवा तराफ्यावर, पार मधी. कमरेला दोरी. दुसरं टोक माज्याकडं.”

इथवर खोटं काही नव्हतं, त्यांची रीतच तशी होती. एकानं पाण्यावर जायचं. दुसऱ्यानं दोरीचे दोन वेढे मनगटाला घेऊन काठावर बसायचं, आणि पाण्यावरचा माणूस बाहेर येईपर्यंत वेढा सोडायचा नाही, बिडी पेटवायलासुद्धा नाही. दोरी सटवानंच आणली होती, तीस हात. नायलॉनचा पीळ सुटू नये म्हणून त्यानं दोन्ही टोकं बिडीच्या विस्तवावर भाजून त्यांचे काळे, टणक मणी करून ठेवले होते.

“तेवढ्यात खालून आला,” कचरूचे हात पसरत गेले, “बैलगाडीएवढा! डोळा परातीएवढा. सटवा हासला. म्हनला, कचऱ्या, जगभर हिंडायची गरजच न्हाई बे, हितंच हाय की! आन् घातला गळ. तराफा उभा झाला, वहिनी. तिकडून मासा वढतोय, हिकडून मी वढतोय. पाय गुडघ्याइतके चिखलात. मनगटाचं सालटं निघालं, पर म्या सोडली न्हाई. आखरीला दोरीच तुटली. मधूनच, ताडकन! म्या काय करावं?”

आणि चप्पल दाखवली तसं त्यानं उजवं मनगट पुढं केलं. मनगटावर काहीच नव्हतं. त्यानं ते हळूच मांडीखाली घेतलं.

“तवा काय बोलले?”

“हाक मारली. माज्या नावानं. दोनदा.”

एवढं सांगताना त्याचे हात हलले नाहीत.

पारूबाई उठली. वाळत घातलेलं लुगडं तिनं काढून खांद्यावर टाकलं, खुंटीची गाठ सोडली, मग पलीकडची. निळी दोरी सैल होऊन अंगणात पडली. दोन्ही टोकं घेऊन ती कचरूपुढं बसली, त्याचा मांडीखालचा हात ओढून घेतला आणि तळव्यावर ती टोकं शेजारी शेजारी ठेवली. दोन काळे मणी.

“पोलिसांनी ह्यांच्यासंगं हीबी दिली हुती. तीस हात पुरी भरती. म्या मोजली,” ती म्हणाली. “दोरी तुटली न्हवती, भाऊजी.”