तिसरा डोस

"बाहेर अजिबात सोडायचं नाही," डॉक्टरीणबाई पिल्लाच्या कानात बॅटरीचा उजेड टाकत म्हणाल्या. "तीन डोस पुरे होईपर्यंत घरातच. गच्ची नको, अंगण नको, दुसऱ्या मांजरांची संगत तर मुळीच नको. जमेल ना?"

"त्याची काळजी नको," ताई म्हणाली. "आमच्या घरातून कुणी बाहेर पडतच नाही."

डॉक्टरीणबाई हसल्या. ताईही हसली, पण हे आपण गमतीने बोललो की खरेच, ते तिचे तिलाच कळले नाही.

पिल्लाला तराजूत बसवून झाले, पोट दाबून झाले, इवलासा जबडा उघडून दात बघून झाले. मग डॉक्टरीणबाईंनी मानेमागची कातडी चिमटीत धरली आणि पिल्लाने ओरडायचे ठरवेपर्यंत सुई आत जाऊन बाहेरही आली.

"आज जरा मलूल राहील. खाल्लं नाही तर आग्रह नको. दूध पाजत असाल तर बंद करा, पोट बिघडतं. वाटीत पाणी ठेवायचं. जंतांचं औषध देतेय, ते घरीच द्या. पुढचा डोस महिन्याभरानं."

"म्हणजे परत यावं लागेल?"

"यावंच लागेल. आणि त्यानंतर आणखी एकदा."

"येईन की!" ताई इतक्या हौसेने म्हणाली की टेबल पुसणारा मदतनीस हातातले फडके विसरून तिच्याकडे बघत राहिला. सुईसाठी एवढे आनंदाने यायला तयार असलेले गिऱ्हाईक त्याने पहिल्यांदाच पाहिले असावे.

ताईला सगळेच ताई म्हणत. मुळात ती हाक धाकट्या भावाची. भाऊ शिकून परदेशी गेला, तिकडेच रमला. हाक मात्र घरात राहिली, आणि पुढे शेजाऱ्यांनी, गिऱ्हाइकांनी, खुद्द वडिलांनीही तीच उचलली. पन्नाशी ओलांडलेल्या ताईचे शिवणयंत्र पुढच्या खोलीत खिडकीशी, अण्णांची खाट आतल्या खोलीत, आणि मधले दार कायम सताड उघडे. अण्णांना काही हवे असले की ते पेल्यावर चमचा वाजवत. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून पडल्यापासून त्यांना एकटे सोडायची सोय नव्हती. पँटची उंची कमी करणे, चेन बदलणे, पडदे दुमडून शिवणे असली कामे आपल्या पायांनी घरी चालत येत. भाजी दारात येई, दूध दारात येई. ताईने उंबरठा ओलांडावा असे काही कारणच उरले नव्हते.

पिल्लूही तसेच चालून आले होते. एका शाळेचा शिपाई रंगमंचाच्या पडद्यांचे गाठोडे टाकून गेला आणि ते सोडताच आतून दोन डोळे चमकले. शिपायाला विचारले तर तो हात झटकून मोकळा झाला. "पडदे आमचे, ताई. पिल्लू आमच्याकडं नोंदलेलं नाही." पहिल्याच दिवशी पिल्लाने यंत्राखालच्या दोऱ्याच्या बॉबिनी घरभर पळवल्या, म्हणून नाव पडले बॉबिन.

अण्णा बॉबिनला ठेवून घेतील अशी ताईला आशा नव्हती. पण अण्णांनी आयुष्यभर एका दवाखान्यात कंपाउंडरकी केली होती. पिल्लू बघून त्यांनी पहिला प्रश्न टाकला, "लस झालीय का याची?" आणि ताईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

कारण या घरात एक गंमत होती. कुणाच्या लग्नाला जायचे म्हटले की अण्णांचे पोट बिघडे. सिनेमाचे नाव काढले की त्यांच्या छातीत बारीकशी कळ येई. मैत्रीण बोलावते म्हटले की त्यांना नेमकी त्याच वेळी घेरी येई. पण डोस म्हटला की हाच माणूस लेकीला हाताला धरून बाहेर काढायला तयार! डोस टळला म्हणजे सगळे पाण्यात, हे त्यांचे ब्रह्मवाक्य. स्वतःच्या गोळ्यासुद्धा ते स्वतःच डबीच्या कप्प्यांत भरत आणि घड्याळाकडे बघून घेत. ताईला त्या डबीला हात लावू देत नसत. त्यामुळे ताई बाहेर गेली की शेजारच्या काकूंना काही करावे लागत नसे. नुसते येऊन बसायचे आणि अण्णांच्या दवाखान्यातल्या गोष्टींना हूं हूं म्हणायचे.

दुसऱ्या डोसाच्या दिवशी ताईने ठेवणीतला निळा ड्रेस काढला.

"मांजराच्या डॉक्टरकडे चाललीस का वरातीला?" काकूंनी डोळे मिचकावले.

"मांजराला बरं दिसावं म्हणून हो," ताई म्हणाली आणि झाकणाची टोपली उचलून सटकली.

दवाखान्यातल्या बाकावर एक म्हातारेबुवा मांडीवर ससा घेऊन बसले होते. त्यांनी ताईला हवापाण्याचे विचारले, तिने सांगितले. तेवढ्या बोलण्यानेसुद्धा तिला जत्रा फिरून आल्यासारखे वाटले. सुई झाली. येताना तिने जवळचा रस्ता सोडून कालव्याकाठचा धरला. टपरीवर उभ्याने चहा प्यायली. आपण केलेला नाही, कुणी मागितलेला नाही असा चहा! बसमधून उतरणारी माणसे बघत राहिली. टोपलीच्या फटीतून बॉबिनने एक पंजा बाहेर काढला होता आणि तो हवेत काहीतरी चाचपत होता. ताईने त्याला बोट दिले. तिला एकदम रडू आले. दुःख नव्हते, इतके बरे वाटले म्हणूनच आले.

त्यानंतर घर आणखीनच आवळल्यासारखे झाले. चमचा वाजे, ती उठे. चमचा वाजे, ती उठे. बॉबिनने खिडकीच्या जाळीशी बसून बाहेरच्या चिमण्यांवर दात कडकडवावेत आणि ताईने सुईत दोरा ओवता ओवता तिच्याकडे बघावे. एकदा तर तिने थाप मारून पाहिली. "अण्णा, बॉबिन शिंकली. दाखवून आणू का?"

अण्णांनी उशाखालचा जुना स्टेथोस्कोप काढला, बॉबिनला छातीवर घेऊन डोळे मिटून ऐकले. "छाती स्वच्छ आहे. तुझ्या कापडाचा धुरळा गेला असेल नाकात." झाले! शिंक मोडीत निघाली. ताई पुन्हा यंत्रावर बसली. आता सारी भिस्त तिसऱ्या डोसावर होती.

आणि तिसऱ्या डोसाच्या आदल्या आठवड्यात अण्णा म्हणाले, "उगीच कशाला जातेस? मीच देतो."

"तुम्ही?"

"का? माणसांची आख्खी गल्ली टोचलीय मी. लहान पोरांना कळायचंसुद्धा नाही. हे तर मांजर! औषधाच्या दुकानातला माझा दोस्त आहे ना, त्याला सांगितलंय. थर्मासात बर्फ घालून पाठवतोय लस."

"तुमचा हात..."

"काय झालंय हाताला?" त्यांनी हात पुढे धरला. खरेच थरथरत नव्हता. पडल्यापासून इतके ताठ बसलेले तिने त्यांना पाहिले नव्हते. दाढीसुद्धा केली होती. तिला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मनात एवढेच आले, की तेवढी एक वाट होती, तीही यांनी बुजवली.

ठरल्या दिवशी सकाळी लस आली. अण्णांनी ती बाटली उजेडात धरून बघितली. "दारातल्या कप्प्यात नको, तिथं ऊब लागते. आणि वर बर्फात तर मुळीच नको. गोठली की संपलं, मग ते नुसतं पाणी." काठी टेकत ते स्वतः फ्रिजपाशी गेले आणि मधल्या फळीवर बाटली ठेवून आले. जेवणानंतर पुन्हा एकदा उठून बघून आले. मग संध्याकाळी टोचू म्हणाले आणि झोपले.

घरात घोरण्याचा आवाज सुरू झाला. ताई फ्रिजसमोर उभी राहिली. सबब तिने पाठ करून ठेवली होती: बर्फ काढताना मीच चुकून वर ठेवली हो, लक्षातच राहिलं नाही. अण्णा आकाशपाताळ एक करतील, वेंधळी म्हणतील, आईच्या वळणावर गेलीस म्हणतील. म्हणू देत. बोलणी खायची तिला सवय होती. पण दुसऱ्या दिवशी टोपली उचलून डॉक्टरीणबाईंकडे जावे लागेल. यात कुणाचेच काही बिघडत नव्हते. एक दिवस उशिराने बॉबिनचे काही अडणार नव्हते. तिने बाटली उचलून बर्फाच्या कप्प्यात ठेवली आणि दार लावले.

संध्याकाळी अण्णांनी स्वच्छ सदरा घातला, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, कापूस आणि नवी सिरिंज ताटलीत मांडली. मग काठी घेऊन फ्रिजपाशी गेले. ताई बॉबिनला मांडीवर धरून बसली होती. आता ओरडा येणार म्हणून तिने खांदे आवळले.

ओरडा आला नाही. शेवटी तीच उठून गेली. अण्णा उघड्या फ्रिजसमोर उभे होते आणि गोठलेली बाटली मुठीत धरून तिला ऊब देत होते, जणू काही उपयोग होणार होता.

"मी..." अण्णा म्हणाले. "मी जेवणानंतर बघायला आलो होतो. तेव्हाच मी ती वर ठेवली असणार."

"नाही हो अण्णा! मी ठेवली. बर्फ काढताना..."

"पुरे." ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "पाठीशी नको घालूस मला. तुला सकाळीच बजावलं होतं मी, तू कशाला ठेवशील? माझ्याच हातून झालं. आणि मला आठवतसुद्धा नाही, ताई. काहीच आठवत नाही."

"अण्णा, खरंच मी ठेवली. मुद्दाम ठेवली. मला बाहेर जायचं होतं म्हणून ठेवली."

त्यावर अण्णा हसले. तसे हसू तिने त्यांच्या तोंडावर कधी पाहिले नव्हते; लहान मुलाचे म्हणणे पटल्याचे सोंग आणतात ना, तसे. "माझी पोर गुणाची आहे," ते म्हणाले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात आता थरथरत होता.

दुसऱ्या दिवशी ताई गेली. निळा ड्रेस काढायची इच्छा झाली नाही. बाकावर ससेवाले बुवा होते, ते ओळखीचे हसले. ती टोपली मांडीवर घेऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"झालं!" डॉक्टरीणबाई बॉबिनचे डोके खाजवत म्हणाल्या. "पोरगी एकदम ठणठणीत आहे. आठवडाभर थांबा, मग खुशाल मोकळी सोडा. आता एकदम वर्षानं यायचं."

"वर्षानं," ताई म्हणाली.

कालव्याकाठी न जाता ती जवळच्या रस्त्याने घरी आली. काकू दारातच उभ्या होत्या. "गप्प गप्प आहेत गं आज. एक गोष्ट नाही की काही नाही."

अण्णा खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. ताटली, कापूस, स्टेथोस्कोप, सगळे खाटेवरून नाहीसे झाले होते. "झाला डोस?" त्यांनी विचारले.

"झाला."

"छान." मग त्यांनी उशाशी ठेवलेली गोळ्यांची डबी उचलली आणि तिच्यापुढे धरली. "हे आता तू सांभाळ. सकाळ, दुपार, रात्र तूच देत जा. आणि काकूंवर नको टाकूस, त्यांना कळायचं नाही. कितीही काम असलं तरी वेळेला तूच हजर राहा. माझा भरवसा नाही राहिला आता. डोस चुकायला नको."

"अण्णा, तुम्हाला जमतंय सगळं. तुम्ही काहीही विसरला नव्हता."

"धर गं," ते म्हणाले. हात अवघडला होता त्यांचा.

तिने डबी घेतली.

आठवडा सरला तशी तिने खिडकीची जाळी काढली. बॉबिनने चौकटीवर उभे राहून बाहेरचा वास घेतला, शेपूट ताठ केली आणि कुंपणाच्या भिंतीवरून मागे न बघता निघून गेली. ताई ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होती. आतून चमचा वाजला नाही. आता तो वाजत नसे. वेळ झाली की अण्णा नुसते दाराकडे बघत बसत. दुपारची गोळी तळहातावर आणि दुसऱ्या हातात पाण्याचा पेला घेऊन ताई खिडकीपासून वळली.