बाईंची तक्रार कोण करणार

बेटावरच्या एकशिक्षकी शाळेतून बदली मागणं म्हणजे भिंतीशी बोलणं. जागेवर दुसरा माणूस आला तरच सुटका, आणि समुद्र ओलांडून त्या खडकावर मरायला येतंय कोण? बाई रुजू झाल्या तेव्हा लेक अजून अंगावर पीत होती. बेटावर डॉक्टर नाही म्हणून तिला नणंदेकडे ठेवलं. गेल्या सुट्टीत बाई घरी गेल्या, तर पोर नणंदेच्या मागे लपली आणि तिलाच विचारू लागली, "आई, ह्या बाई कोण?"

तेव्हापासून बाईंची झोप उडाली. शिक्षणखात्यातल्या कारकुनाने दात कोरत उपाय सांगितला. "गावकऱ्यांची तक्रार येऊ द्या. मग खात्याला तुम्हाला उचलावंच लागतं. चांगलं शिकवत राहिलात तर तिथंच म्हाताऱ्या व्हाल."

मग बाईंनी वाईट व्हायचं मनावर घेतलं. सवय नव्हती, पण चिकाटी होती. उशिरा जाऊ लागल्या, वर्गात टेबलावर डोकं टेकून चक्क घोरू लागल्या. गावाने हूं की चूं केलं नाही. पोरांच्या आयांना तोंडावर अडाणी म्हणाल्या, तर त्या हसल्या. "म्हणून तर पोरं तुमच्याकडे धाडतो." आता अशा माणसांशी भांडायचं तरी कसं?

शेवटी एका सकाळी पाढा चुकला म्हणून होडीवाल्याच्या मुलीच्या कानावर बाईंनी लाकडी डस्टर हाणलं. पाढा सगळ्यांचाच चुकला होता. ही बिचारी पहिल्या बाकावर बसायची, एवढंच. कानातून रक्त आलं. बाईंनी ते पदराने पुसलं, आणि खरं सांगायचं तर पुसताना मनात थोडी आशाही होती. हे त्यांना कधी विसरता येणार नाही, आणि येऊही नये.

संध्याकाळी होडीवाला दारात आला. बाईंनी बॅग भरूनच ठेवली होती.

"तक्रार करायची असेल तर करा," त्या म्हणाल्या. "मी काही नाकारणार नाही."

होडीवाला चपला काढून उभा राहिला. "आधीचे मास्तर दारू पिऊन पडायचे. आम्ही शहाण्यांनी तक्रार केली. खात्याने मास्तर उचलले आणि शाळेला कुलूप घातलं. माझा थोरला त्यातच वाया गेला. जाळी ओढतोय, सही येत नाही त्याला." त्याने मान खाली घातली. "मारा बाई. पण राहा."

पुढे तपासणीला साहेब आले. मुलीच्या कानावर अजून पट्टी होती.

"काय झालं गं?"

"धक्क्यावरून पडले."

अख्ख्या वर्गाने माना डोलावल्या. बाईंना राहवेना. त्या पुढे झाल्या. "मी मारलं, साहेब. माझ्यावर कारवाई करा."

साहेबांनी पोरांकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि सगळं कळल्यासारखे हसले. न कळणाऱ्या साहेबांना असं हसायची फार हौस असते. "बदलीसाठी लोक काय काय बोलतात हो. गावाची इतकी माया मी दुसऱ्या शाळेत पाहिली नाही." बाईंना इथेच कायम ठेवावं अशी शिफारस करतो, असं त्यांनी मोठ्या आनंदाने सांगितलं.

होडी साहेबांना घेऊन सुटली. मुलगी बाईंजवळ येऊन उभी राहिली.

"बाई, मी बरोबर बोलले ना?"

"बरोबर," बाई म्हणाल्या.

तिला ऐकू गेलं नाही. मग बाईंनी दुसऱ्या बाजूला जाऊन पुन्हा सांगितलं.